नवालचं नाव आणि एक पान

अलेक्झांड्रियातल्या आमच्या वाद्यवृंदाची स्वरलिपी नवाल कॉम्प्युटरवर उतरवते आणि तळाशी आपलं नाव घालते. उस्ताद शुक्री कानून हे तंतुवाद्य वाजवतात. मांडीवर पाऊणशे तारा, बोटांत नख्यांच्या अंगठ्या. पान उलटायचं म्हटलं की आरडाओरडा.

"एका पानात बसव गं बाई! अंगठ्या काढणार नाही मी!"

या वेळी शेवटची ओळ काही केल्या पहिल्या पानावर येईना. नवालने खुणा बारीक केल्या, ओळी जवळ आणल्या. शेवटी स्वतःचं नाव काढलं, तेव्हा कुठे बसली.

तालमीत उस्तादांनी पान तळापर्यंत पाहिलं.

"तुझं नाव कुठंय?"

"जागा नव्हती, उस्ताद."

"कडेला एवढी जागा दिसत नाही? आंधळी कुठली!"

त्यांनी दोन्ही अंगठ्या काढल्या आणि माझ्याकडे पेन मागितलं.