साठीनंतरचं खातं

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या घराण्यातले पुरुष साठी गाठत नाहीत. आजोबा गेले, काका गेले, बाबा तर मी कॉलेजात असतानाच गेले. पुण्याच्या घरी भिंतीवर तिघेही काळ्याभोर केसांनिशी लटकले आहेत. शेजारच्या मोकळ्या जागेकडे मी मुद्दाम बघत नाही.

त्यामुळे सिंगापुरात इतकी वर्षं नोकरी करूनही निवृत्तीचं खातं मी हसण्यावारी नेलं. आरोग्याच्या खात्यात पगारातून आपोआप पैसे जातात, तिथे माझं काही चालत नाही. हे निवृत्तीचं मात्र आपल्या मर्जीचं. जेवढं टाकाल तेवढ्यावर त्या वर्षी कर नाही. पण निवृत्तीच्या वयाआधी काढलंत तर करही भरा आणि दंडही. म्हणजे मी भरायचं आणि माझ्या भुताने काढायचं!

बायकोला हा विनोद मुळीच आवडत नसे. एकदा पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "अहो, मेलात तर विमा आहे. जगलात तर काय खाणार? आणि मला काय खायला घालणार, तुमचे विनोद?"

मी नाटकी नमस्कार केला. पण ते "जगलात तर" मानगुटीवर बसलं. आमच्या क्वीन्सटाउनच्या इमारतीच्या लिफ्टमधल्या आरशात मला रोज बाबा दिसायचे, तीच जरा वर चढलेली डावी भुवई घेऊन. गेल्या वर्षी मी त्यांचं वय ओलांडलं आणि ते यायचे थांबले. आरशात उरला तो कोण, हे मला सांगता येईना.

मग तांजोंग पगारच्या आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत याच खात्याची माहिती द्यायला एक मुलगी आली. बिर्याणी फुकट होती, म्हणून गेलो. ती म्हणाली, स्वतःचं म्हातारपण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणी साठवत नाही. पुढे कोण येतंय? मी सोडतो होय! तिने माझा फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर त्याला सत्तरीचा करायला घेतलं.

खातं मी त्याच दुपारी उघडलं, हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर कोणी ऐकणार नाही.

भल्यामोठ्या पडद्यावर आधी पांढरे केस आले, मग ओघळलेले गाल, मग जरा वर चढलेली ती डावी भुवई. सगळे हसायच्या तयारीत. आणि मी भर सभेत, चक्क मराठीत ओरडलो,

"बाबा, केवढे म्हातारे झालात हो तुम्ही!"