कंचनबाईची गच्ची

शिरपुरात कोणता पिक्चर किती भेवाचा, हे कंचनबाई ठरवे. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरची गोष्ट सांगून राह्यलो. हिवाळ्यात टुरिंग टाकीज आलं की त्याचा तंबू इंदरचंदच्या घरामागच्या मोकळ्या जागेत लागे, अन् कंचनबाई म्हणजे त्या इंदरचंदची बायको. तंबू आपला नावाले. बाजूनं कनाती, वरून सगळा उघडा. ही बाई आपल्या गच्चीवर सतरंजी टाकून फुकटात बसे. शेजारची अमीनाबी बी येई, कारण तंबूत गेलेलं तिच्या घरी चालत नव्हतं. दोघींलेही रडके पिक्चर आवडत नसत. "रडाले घर आहे ना," असं कंचनबाई म्हणे. तिले भुताचे अन् खुनाचेच पाह्यजेत.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर बाया विचारत, "कसा आहे वो कालचा?" मंग ती कंदिलात सांगे. एका कंदिलाचा म्हणजे निजाच्या खोलीत कंदील जळू द्या. दोन कंदिलांचा म्हणजे अंगणात बी पाह्यजे. तीन कंदिलांचा असला तर जाऊच नका, गेल्या तर मोरीपर्यंत एकटं जाणं होणार नाई. पण पडलं जैनाचं घर. रातभर कंदील जळला तर त्याच्यावर किडे येऊन मरतात, पाप लागते, म्हणून तीन कंदील द्याले तिचा हात आखडे. अमीनाबी उदार होती, ती सरळ तीन सांगे. मंग दोघींचं वाजे. पण गाव कंचनबाईचंच ऐके, अन् पोटुशी बाई तर तिले विचारल्याबिगर तिकीटच काढत नसे.

हे सारं मले मागाहून समजलं. मी तिच्या घरी पहिल्यांदा गेलो तो तिची पोरगी पाहाले, अन् माह्या जिवात जीव नव्हता. मी अजितकुमार, अनसिंगचा. घरचं कापडाचं दुकान, तब्येत ठणठणीत, फक्त डावखुरा. लहानपणी आमच्या बापूनं हात बांधून पाह्यला, झोडपून पाह्यलं. लिहाले मी उजव्या हातानं शिकलो, कापड मोजाले शिकलो, पण घास काई त्या हातानं तोंडात जात नाई. आता डाव्या हातानं जेवणारा जावई कोणाले पाह्यजे? दोन जागा याच्यापाईच मोडल्या होत्या. एका ठिकाणी तर पोरीचा बाप भरल्या ताटावरून उठला.

म्हणून बापूनं बेत आखला होता. चहा-पोहे घ्याचे, पोरगी पाहाची अन् शेवटच्या एसटीनं निघाचं, जेवाले थांबाचंच नाई. पोह्यांले चमचा असते, चमचा उजव्या हातानं निभते. सरला पोहे घेऊन आली. बशी ठेवताना म्हणे, "मिरची बाजूले काढा, लय तिखट आहे." नजर खाली नाई, लाजणं नाई. मले ती तिथंच आवडली, अन् तिथूनच माहं भेव दुप्पट झालं.

अन् नेमकी एसटी आली नाई. आमी फाट्यावरून परत आलो. दिवस बुडाच्या आत जेवाचं घर, त्यायनं लगेच पाटच मांडले. पुढ्यात पातळ वरण अन् भात! मी उजव्या हातानं कालवला, तर वरण कोपरापर्यंत उतरलं अन् शर्टावर सांडलं. बापू जोरजोरानं कापसाच्या पिकाचं बोलाले लागले. मी दुसरा घास घेतला, तो मांडीवर पडला. मंग माहा डावा हात मले न विचारताच ताटात गेला.

इंदरचंदचं चावणं थांबलं. बापूचं बोलणं थांबलं. मले वाटलं, गेली ही बी जागा.

"जेवू द्या ना त्याले त्याच्या हातानं," कंचनबाई वाढता वाढता म्हणे. "मोठे लोकं असेच जेवतात. मी लय पाह्यले. इन्स्पेक्टर, डॉक्टर, बंगलेवाले, सारे डाव्याच हातानं जेवतात."

बाई अशा ठसक्यात बोलली की इंदरचंदनं मुकाट्यानं मान खाली घातली अन् जेवाले लागला. इतके इन्स्पेक्टर हिनं पाह्यले कुठं, मले समजेना. पण मी पोटभर जेवलो. परक्याच्या घरी तसा मी कधीच जेवलो नव्हतो.

अंधार पडला तशी तिनं आमाले गच्चीवर नेलं. अमीनाबी आधीच येऊन बसली होती, सरला एका कोपऱ्यात. खाली पिक्चर लागला. मोठा बंगला, बाहेर वीज कडाडून राह्यली, अन् घरचे लोक टेबलावर जेवून राह्यले. सारे डाव्या हातानं! फाटकावरच्या पाटीची अक्षरं पाह्यली तर तीही उलटी. तवा माह्या डोक्यात उजेड पडला. पडद्याचं तोंड तिकडे तंबूत, अन् आमी पाहून राह्यलो मागून. आरशातल्यासारखं सगळं इकडचं तिकडे. कंचनबाईले वाचता येत नव्हतं अन् तंबूत ती कधी गेली नव्हती.

बापूच्याही ध्यानात आलं. त्यायनं माह्या कानात सांगतलं, "चूप बस. देवानं दिलं ते घे."

बसलो थोडा वेळ. पण उद्या लग्न झाल्यावर कंचनबाईले कोणी खरं सांगतलं तर? जन्मभर ऐकून घ्यावं लागणार सरलाले. मले काई तो पिक्चर पाहवेना.

"बाई," मी म्हटलं, "आपण पडदा मागून पाहून राह्यलो. समोरून पाह्यलं तर ते सारे उजव्याच हातानं जेवतात. डावखुरा मी एकटाच आहे."

बापूनं कपाळाले हात लावला. खाली खुनी सुरा घेऊन जिना चढत होता. कंचनबाई पडद्याकडेच पाहून राह्यली होती.

"म्हणजे हा बी उजव्याच हातानं मारते?"

"हो."

"अन् आजवर पाह्यले ते सारे?"

"सारेच."

तिनं पडद्यावरची नजर काढून माह्याकडे पाह्यलं. मंग म्हणे, "इतके वर्सं मी त्यायले डावखुरे समजून पाह्यलं. मले एकाचीही शिसारी आली नाई. आता तुहीच कायले यावी?" अन् मागं वळून म्हणे, "सरले, तुले काई म्हणाचं आहे?"

"पडदा उलटा आहे हे मले पह्यल्यापासून माहीत आहे, आई," सरला म्हणे. "जेवताना मी बोलली काय?"

मले रडू फुटलं. खाली बाया किंचाळून राह्यल्या होत्या, म्हणून ते कोणाले ऐकू गेलं नाई.