सरांना नापास करणारी रत्नमाला

रत्नमाला खिल्लारे ‘नाही’ म्हणायला जरा उशिरा शिकली. पण शिकली ती कायमची.

ती मेडशीच्या शाळेत होती तेव्हा पंजाबराव सरांपुढे नाही म्हणायची कोणाची टाप नव्हती. सर खेळाचे शिक्षक. गळ्यात शिट्टी, हातात तुरीची काडी, आणि आवाज असा की रस्त्यावरून जाणारी एसटी थांबेल. वाशीम जिल्ह्यात कुठेही दौड असली की सर पोरी घेऊन हजर. रिसोडला, मंगरुळपीरला, शेलूबाजारला. रत्नमाला त्यांची हुकमी पोरगी होती. बौद्धवाड्यातली, काटक, सातवीत असतानाच मोठ्या बायांना मागे टाकणारी. घरात तिच्या बक्षिसांचे स्टीलचे हंडे इतके झाले की तिची माय रुख्मिणी शेजाऱ्यांच्या लग्नात तेच आहेर म्हणून द्यायची.

मग नडगी दुखायला लागली. आधी धावल्यावर, नंतर चालतानाही. तिनं सरांना सांगितलं. सर म्हणाले, “दुखते तर धाव. धावलं की जाते.” ती धावली. डांबरी रस्त्यावर, रोज, दुखणं दाताखाली धरून. विभागाच्या निवड चाचणीत वळणावर तिच्या पायातून काडकन आवाज आला आणि ती ट्रॅकवर बसली ती बसलीच. हाडाला आधीच तडे गेले होते, त्या दिवशी ते पुरतं मोडलं. प्लास्टर निघालं तोवर सरांना दुसरी हुकमी पोरगी सापडली होती.

रत्नमालानं त्यांना कधी शिव्या दिल्या नाहीत. तिला वाटायचं, आपलं हाडच कच्चं. पण मैदान काही तिला सुटेना. ती शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन परत आली, मालेगावच्या एका विनाअनुदानित शाळेत लागली आणि संध्याकाळी मेडशीच्या शाळेच्या मैदानावर पोरं गोळा करू लागली. शिकवायची तसंच, जसं तिला शिकवलं होतं. दुसरं काही तिनं पाहिलंच नव्हतं.

ते पाहिलं तिनं पहिल्या पातळीच्या प्रशिक्षक कोर्सला. मोठ्या शहरात, निळ्या सिंथेटिक ट्रॅकच्या कडेला वर्ग भरायचा. बरेचसे पुरुष, निम्मे माजी राष्ट्रीय खेळाडू. तिथे एका दुपारी शिकवणाऱ्या बाईंनी पडद्यावर वाढत्या वयातल्या हाडाचं चित्र दाखवलं. लहान मुलाचं हाड अजून घडत असतं, त्याला रोज लांब पल्ल्याचं ओझं दिलं आणि विश्रांती दिली नाही तर बारीक तडे जातात. या वयात मुलांनी पळावं, उड्या माराव्यात, फेकावं, सगळं थोडं थोडं आणि खेळत. एका शर्यतीला जुंपायचं वय पुढे येतं. रत्नमालाचा हात आपोआप खाली नडगीवर गेला. इतकी वर्षं तिनं जे स्वतःच्या हाडावर ढकललं होतं, ते हाडाचं नव्हतंच. तिला रडू आलं नाही. राग आला, आणि तो उतरू नये असं वाटलं.

ती उभी राहिली. “मॅडम, पोरगी दुखते म्हनून सांगून राह्यली अन् कोच आयकतच नाई, तं मंग काय करायचं?”

मागच्या बाकांवर हसू फुटलं. कोणीतरी तिचं ‘राह्यली’ हेल काढून म्हणून दाखवलं. शिकवणाऱ्या बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, “म्हणून तर हा कोर्स आहे.”

शेवटी प्रात्यक्षिकाची परीक्षा होती. समोर स्थानिक शाळेची मुलं, बाजूला परीक्षक. रत्नमालानं आपल्या बोलीतच मुलांना खेळवायला घेतलं. मध्येच परीक्षकांनी टोकलं, “जरा शुद्ध भाषेत बोला.”

“पोरायले समजून राह्यलं न सर?” ती मुलांकडेच बघत म्हणाली. “मंग माया भाषेचं नंतर पाहू.”

ती पास झाली. हसणाऱ्यांपैकीही बरेच झाले, हे सांगायला हवं. तिला ते चांगले मित्रच मिळाले पुढे.

मेडशीला परतल्यावर तिनं मैदानाचा नूर पालटला. जुने टायर आले, कुटारानं, म्हणजे मळणीच्या भुशानं, भरलेली पोती आली, बांबूच्या काठ्या आल्या. पोरं पोत्यांवरून उड्या मारत, टायरमधून पळत, काठ्या फेकत. फेऱ्या मारणं बंद. गावातले लोक पारावरून बघत आणि म्हणत, “बाई नुसती खेळवून राह्यली पोरायले. पंजाबराव सर होते तवा पोरं घाम गाळत.”

त्या पोरांत बंजारा तांड्यावरची संगीता होती. बारा वर्षांची, हरणासारख्या लांब टांगा टाकणारी. पोत्यांवरून ती अशी जायची की पोतं हलायचं नाही. तिचा बाप हेमसिंग दरसाल बायकोला घेऊन ऊसतोडीला जायचा. रत्नमालानं त्याच्या मागे लागून लागून पोरीला आजी रुपाबाईपाशी तांड्यावरच ठेवायला लावलं होतं.

त्या वर्षी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची खुली दौड निघाली. दहा किलोमीटर, डांबरी रस्ता. पहिल्या नंबरला फ्रीज. दौड भरवणारा ऋषिकेश, जिल्ह्याच्या क्रीडा मंडळाचा सचिव, पांढऱ्या शर्टातला उत्साही माणूस. त्यानं संगीताचं नाव परस्पर घातलं होतं. रत्नमालाला कळलं ते दौडीच्या सकाळी. ती स्कूटी दामटत पोचली तेव्हा संगीता छातीवर नंबर लावून, डीजेच्या आवाजात कान झाकून उभी होती. रत्नमालानं तिला दंडाला धरून रांगेबाहेर काढलं.

“रत्नामॅडम, पोरगी जिंकनार हाय अन् तुमी आडव्या काहून येता?” ऋषिकेश माईक बाजूला धरून म्हणाला.

“जिंकनार हाय म्हनूनच आली आडवी. हरनारी असती तं तुमी बोलावलंच नसतं तिले.”

हेमसिंग पुढे आला. चांगला अवघडला होता. “ताई, घरी फ्रीज येत असंन, तं तुमाले काय तरास?”

रत्नमालानं तिथेच, त्या गर्दीत, सलवार गुडघ्यापर्यंत वर केली. नडगीवर हाड जुळल्याचा टणक उंचवटा होता. “हात लावून पाहा, हेमसिंगभाऊ. मी अशाच दौडी जिंकल्या. हे पायजे का तुमाले संगीताच्या पायात?”

हेमसिंगनं हात लावला नाही.  त्यानं पोरीच्या छातीवरचा नंबर काढला, टाचण्या नीट गोळा करून ऋषिकेशच्या हातावर ठेवल्या आणि म्हणाला, “फ्रीजले आमच्या तांड्यावर लाइट कुठं राह्यते सायेब.”

त्याचा परिणाम लगेच दिसला. ऋषिकेशनं शब्द टाकला आणि शाळेच्या फाटकाला कुलूप लागलं. मैदान दुरुस्तीला काढलं म्हणे. दुरुस्ती कधीच झाली नाही. पोरांचे आईबाप कुरकुरू लागले, काही पोरं गळाली. रुख्मिणी म्हणाली, “माय, कायले लोकायशी वैर घेतं? एक दौड पळाली असती पोरगी, तं का मरून गेली असती?”

“मी मेली नाई माय,” रत्नमाला म्हणाली, “पन धावनं गेलं न माह्यं.”

 दुसऱ्या दिवशी रुख्मिणीनं घरातली रिकामी पोती झाडून बाहेर काढून ठेवली.

जागा दिली हेमसिंगनं. सोयाबीन निघाल्यावर त्यानं वावराचा एक तुकडा हरभरा न पेरता तसाच सोडला. “यंदा एवढ्यात पोरंच पेरा,” म्हणाला. पोरांनी ढेकळं फोडली, धसकटं वेचली, पायानं तुडवून तुडवून जमीन घट्ट केली. वर्षं गेली, तो तुकडा पुन्हा पेरला गेलाच नाही. त्या तुकड्यावर संगीता अडथळ्यांची शर्यत शिकली. योग्य वय झाल्यावर रत्नमालानं तिला चारशे मीटरच्या हर्डल्समध्ये उतरवलं आणि पोरगी राज्याच्या अंतिम फेरीत धावली. पदक हुकलं, पण तिथल्या एका अकादमीच्या प्रशिक्षकानं तिला हेरलं.

संगीता जायला तयार नव्हती. “मी तुमच्यापाशीच शिकीन. तुमी कंटाळल्या मले, म्हनून धाडून राह्यल्या!”

“कंटाळली नाई. मले येत होतं तेवढं दिलं तुले. याच्या पुढचं येत नाई मले, अन् येते म्हनून खोटं नाई सांगनार.”

पोरगी रुसून गेली, जाताना नीट बोललीही नाही. ती गेल्यावर रत्नमाला स्वतः पुढचं शिकायला निघाली. दुसरी पातळी, वेगाच्या आणि अडथळ्यांच्या शर्यतींची. मोठ्या खेळाडूंचं वर्षाचं नियोजन कसं आखायचं, दुखापतीतून कसं परत आणायचं, कधी थांबवायचं. एकदा नापास झाली, पुन्हा बसली. नोकरी सांभाळून, उन्हाळ्याच्या सुट्ट्या घालवून ती नव्या प्रशिक्षकांना शिकवायची आणि तपासायची मान्यता मिळेपर्यंत पोचली.

आणि मग वाशीमला पहिल्या पातळीचा कोर्स भरला. यजमान ऋषिकेशचंच मंडळ. प्रशिक्षणार्थींच्या रांगेत, डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात तीच शिट्टी, पंजाबराव सर बसलेले होते. निवृत्त झाले होते, पण नव्या नियमानं प्रमाणपत्राशिवाय संघाबरोबर मैदानात जाता येत नव्हतं. रत्नमालाला बघून ते मोठ्यानं म्हणाले, “हे पोरगी मीच घडवली!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनं वाकून नमस्कार केला आणि शिकवायला सुरुवात केली.

लेखी परीक्षा सर व्यवस्थित पास झाले. प्रात्यक्षिकात त्यांच्यापुढे दहाएक वर्षांची मुलं होती. सरांनी त्यांना रांगेत उभं केलं आणि फेऱ्या मारायला लावल्या. एक मुलगी पोट धरून थांबली. “ए, नाटकं बंद कर!” सरांची शिट्टी वाजली. मुलगी रडत पुन्हा धावू लागली. बाहेरून आलेल्या दुसऱ्या परीक्षकानं रत्नमालाकडे पाहिलं. दोघांनी आपापला निकाल वेगवेगळा लिहिला. दोन्ही निकाल सारखेच निघाले.

ऋषिकेश तिला सगळ्यांसमोरच गाठून म्हणाला, “मॅडम, गुरू हाये थे तुमचे. प्रमानपत्र द्या, मोकळ्या व्हा.”

“गुरू हाये म्हनूनच तं त्यायच्या कागदावर खोटी सही नाई करत.”

“लय मोठ्या झाल्या तुमी,” त्याचा आवाज चढला. “मैदान कोनं दिलं होतं तुमच्या लोकायले?”

 रत्नमाला खुर्ची सरकवून उभी राहिली. “तुमच्या लोकायले म्हंजे कोनाले, ऋषिकेशभाऊ? नीट उलगडून सांगा. सारे बसले हायेत, आयकतीन.”

ऋषिकेशनं फोन आल्यासारखा खिशात हात घातला आणि बाहेर गेला.

चहाच्या वेळी सर स्वतः आले. टोपी हातात होती. “मायाच हातची पोरगी तू, अन् मले नापास करतं?”

“व्हय सर.”

“माह्यं चुकलं काय, थे तं सांग.”

“थे पोरगी पोट धरून थांबली. तुमी तिले काय होते म्हनून इचारलं नाई.”

“तुलेबी कुठं इचारलं होतं मी?” सर तावातावानं म्हणाले. बोलून गेले आणि तिथेच थबकले. 

“नाई इचारलं,” रत्नमाला म्हणाली. तिनं नजर वळवली नाही.

सर निघून गेले. पुढल्या वर्षी अकोल्याच्या कोर्सला मात्र त्यांनी नाव घातलं. तपासणारे दुसरे होते. सर कसेबसे पास झाले. त्यांनी रत्नमालाची कधी माफी मागितली नाही, तिनंही त्यांची मागितली नाही. फक्त आता त्यांच्या मैदानावर शिट्टी कमी वाजते असं पोरं सांगतात.

ऋषिकेशच्या मंडळानं पुन्हा कोर्स भरवायला नकार दिला. वाशीमचा हॉल मिळेना, मैदान मिळेना. रत्नमालानं शेलूबाजारच्या एका व्यापाऱ्याचं धान्य वाळवायचं पटांगण मागून घेतलं आणि तिथे कोर्सच्या तयारीचा वर्ग लावला. अंगणवाडी ताया, पोलीस भरतीची तयारी करून घेणारे दोघे, रुसवा सोडून सुट्टीवर आलेली संगीता, आणि तांड्यावरच्या सुना. हायवेचा धुरळा अंगावर येत होता, ट्रक हॉर्न देत जात होते. मंडळाचा एक माणूस मोटारसायकलवरून आला आणि उतरता उतरताच म्हणाला, “मॅडम, हे कोनाले इचारून लावलं तुमी?”

रत्नमालानं टायर त्याच्या पायाशी गडगडत सोडला. “खेळनार असंन तं बूट काढा,” ती म्हणाली, “नाई तं जरा बाजूले व्हा. बाया पळून राह्यल्या.”