अर्धा आटा जास्त

पक्कडमामांनी बंद केलेला नळ पुन्हा उघडायचा असेल, तर पक्कडमामांनाच बोलवावं लागतं. यात कौतुक आहे की तक्रार, हे त्यांच्या गिऱ्हाइकांनाही आजवर ठरवता आलेलं नाही. नळजोडणीच्या धंद्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं आणि त्यांनी जोडलेला एकही सांधा कधी गळला नाही. मात्र त्या सांध्याच्या आसपासचं बाकी बरंच काही तुटलं. एकदा भिंत तडकली, एकदा बेसिन आपल्या जागेवरून निघून मामांच्या हातात आलं. सांधा मात्र शाबूत होता आणि बेसिन हातात धरूनच मामांनी तो मालकाला दाखवला.

त्यांचं तत्त्व एकच. वस्तू घट्ट झाली असं वाटलं की अजून अर्धा आटा फिरवायचा. हा जास्तीचा अर्धा आटा त्यांनी फक्त पाइपांवर खर्च केला असता तर कोणाची हरकत नव्हती. पण घरी बरणीचं झाकण, पाण्याची बाटली, खिडकीची कडी, गॅसचं बटण, सगळ्यांना तोच न्याय. मामी सकाळी त्यांना कामावर सोडण्याआधी दिवसभरात लागणारी सगळी झाकणं त्यांच्यासमोर रांगेत मांडून उघडून घेत. एकदा राहून गेलं, तर मामींना दुपारचा चहा शेजारणीकडे जाऊन प्यावा लागला, कारण साखर आत होती आणि झाकणावर मामांचा हात फिरला होता.

अशा माणसाला त्याच्या मुलीने टॅब्लेट पाठवला. आणि तो किती पातळ असावा? आडवा धरला तर दिसायचाच नाही. दूरच्या शहरात राहणाऱ्या मुलीचा हेतू चांगला होता. फोनच्या एवढ्याशा पडद्यावर मामांना नात नीट दिसत नव्हती. पोरीला दोन दात आले तेव्हा मामा तासभर फोन डोळ्याला लावून बसले होते आणि शेवटी त्यांना दिसलं ते पोरीचं नाक.

रविवारी पहिला व्हिडिओ कॉल आला. मामांनी पाइपला घालावी तशी दोन्ही हातांची मिठी टॅब्लेटला घातली. अंगठे पुढे, बोटं मागे. पडद्यावर नात आली, गोड हसली, आणि मामांच्या डोळ्यांदेखत तिचा डावा गाल सुजू लागला. पाण्यावर तेल पसरावं तसे रंग पसरले, गालावर लाटा उठल्या, एक डोळा कपाळाकडे सरकला.

"अगं, हिचा गाल! गाल बघ हिचा!" मामा ओरडले.

"काय झालं गालाला?" मुलगी घाबरली.

"फुगला! डॉक्टरला दाखव आधी!"

पलीकडे पोरीचा गाल जागच्या जागी होता. तिला दिसलं ते एवढंच, की डोळे वटारलेला, मिशा फेंदारलेला एक माणूस तिच्यावर खेकसतोय. तिने भोकाड पसरलं. त्या रडण्याने मामांची पकड आणखी आवळली, आणि पोरगी पार वितळून पडद्याच्या कोपऱ्यात गेली.

पुढचे रविवारही असेच गेले. शेवटी मुलगी बाजूला जाऊन हळूच म्हणाली, "बाबा, राग मानू नका. पण कॉलची घंटा वाजली की ही हल्ली सोफ्यामागे लपते. सुट्टीत आम्ही तिकडे येणार आहोत. तिथे ही तुमच्याकडे आलीच नाही तर?"

मामांनी टॅब्लेट खाली ठेवला. समोरच्या बाटलीचं झाकण उगाच पिळलं, आणि तेही अर्धा आटा जास्त.

दुसऱ्या दिवशी ते तडक गावातल्या त्या दुकानात, जिथून मुलीने टॅब्लेट मागवून घरी पाठवला होता. काउंटरवरच्या माणसाने टॅब्लेट एका मऊ कापडावर ठेवला, चालू केला, फोटो, सिनेमा सगळं दाखवलं. कुठे लाट नाही, कुठे सूज नाही.

"ठणठणीत आहे, काका."

"आत्ता आहे. घरी फुगतो."

"घरी कशाने फुगेल?"

"ते तुम्ही सांगायचं. विकलाय तुम्ही."

मामा घरी आले, टॅब्लेट हातात घेतला, पडदा फुगला. पुन्हा दुकान, पुन्हा मऊ कापड, पुन्हा ठणठणीत. मामांच्या डोक्याचा पार भुगा झाला. त्यांच्या धंद्यात गळका नळ कोणासमोरही गळतो. दुकानदार दिसला की सुतासारखा सरळ होणारी वस्तू त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. तिसऱ्या खेपेला त्यांनी साक्षीदार म्हणून मामींना बरोबर नेलं.

दुकानदाराने हात जोडले. "काका, आज तुम्ही स्वतः हातात धरून दाखवा."

मामांनी धरला. पडद्यावरचा निळाशार समुद्र ढवळून निघाला.

"बघा! झालं की नाही?" मामा विजयाने गरजले.

दुकानदाराने टॅब्लेट मामींच्या हातात दिला. समुद्र शांत. परत मामांकडे दिला. समुद्र खवळला.

"काका, यंत्रात बिघाड नाही. फार पातळ आहे ना, दाबलं की वाकतो, आणि वाकला की चित्र फाकतं. तुम्ही हळू धरा."

"मी हळूच धरलाय!"

हे वाक्य मामांनी इतक्या मनापासून उच्चारलं, की मामींना हसू आवरेना. त्या दुकानातल्या स्टुलावर बसल्या, पदराने डोळे पुसले आणि पुन्हा हसल्या.

"यात हसण्यासारखं काय आहे?" मामा.

"काही नाही. तुम्ही हळू धरलेल्या सगळ्या वस्तू एकदम डोळ्यांपुढे आल्या."

घरी येताना रस्ताभर मामा गप्प होते. ते गप्प असले की मामींना धास्ती वाटते, कारण त्यांना काहीतरी सुचत असतं. तसंच झालं. हातात धरायचाच नाही ना? मग बसवून टाकू! त्यांनी पेटीतून पाइप भिंतीला आवळायचे दोन क्लॅम्प काढले, आत रबर लावलं आणि टॅब्लेट टेबलाच्या कडेला उभा करून स्क्रू पिळले. छान बसला. पडदा स्वच्छ. मामींनाही कबूल करावं लागलं, की युक्ती बरी आहे.

त्या चहा ठेवायला वळल्या आणि मामांनी सवयीने अजून अर्धा आटा फिरवला.

करकर असा बारीकसा आवाज झाला. मामींनी वळून पाहिलं. मामा पाना पाठीमागे लपवून उभे होते, आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक पांढुरका डाग उमटला होता. क्लॅम्प सोडला तरी तो गेला नाही.

"अहो!" मामींचा आवाज चढला. "घट्ट बसला होता ना? मग?"

"हात फिरला."

"फिरला म्हणे! बरण्या झाल्या, नळ झाले, त्या खिडकीची कडी तुम्ही पिळल्यापासून वारा म्हणून नाही या घरात. मी सगळं सहन केलं. पण त्या पोरीला तुम्ही असंच उचलणार आहात का?"

मामा खाली बसले. हा प्रश्न त्यांनाही पडला होता. फक्त तो इतक्या मोठ्याने कोणी विचारला नव्हता. त्यांनी आपले पंजे उलटेपालटे करून पाहिले.

"मला कळतच नाही गं, किती धरतोय ते," ते म्हणाले. "धरलंय असं वाटेपर्यंत आवळतो."

मामींनी गॅस बंद केला, म्हणजे बटण फिरेना म्हणून जोर लावून बंद केला, आणि समोर बसून हात पुढे केला. "धरा."

मामांनी धरला.

"दुखतोय. सैल करा. अजून. अजून सैल. अहो, अजून! हां, आता."

"हे काय धरणं झालं? हे तर सुटलंय."

"सुटलंय का? ओढून घेते बघा." मामींनी हात ओढला. निघाला नाही. "हेच धरणं."

मामांनी हात तसाच धरून ठेवला. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले. लग्नाच्या फोटोत माझं तोंड बघा. लोकांना वाटतं माहेर सुटलं म्हणून रडतेय."

मग रोज सकाळी झाकणं उघडून झाली की शिकवणी सुरू. मामी टॅब्लेट मामांच्या उघड्या पंजांवर ठेवत आणि समोर बसून पडद्यावर नजर ठेवत. "आली लाट. सैल!" पाइप वाकवणारा माणूस टॅब्लेट धरून घामाघूम होई. खांदे भरून येत. "यापेक्षा टाकी चढवणं सोपं," असं ते रोज म्हणत आणि रोज पुन्हा हात पुढे करत.

रविवार आला. घंटा वाजली. मामांनी काठोकाठ भरलेलं ताट न्यावं तसा टॅब्लेट तळव्यांवर घेतला. पडद्यावर आधी सोफा दिसला, मग सोफ्यामागून अर्धं डोकं वर आलं. गाल दोन्ही जागेवर होते. डोळेही जागेवर. मामा ओरडले नाहीत, कारण त्यांचा श्वाससुद्धा रोखलेला होता. हा माणूस आज खेकसत नाही हे पाहून पोरगी हळूहळू पुढे आली आणि अगदी जवळ येऊन "आबा" म्हणाली.

झालं! मामांना भरून आलं आणि भरून आल्यावर जे व्हायचं तेच झालं. बोटं आवळली. पोरीचा गाल पुरीसारखा, छे, फुग्यासारखा टरारला.

"सैल! अहो, सैल!" मामी कळवळल्या.

पण या वेळी मामांना ठाऊक होतं, की पोरीला काहीही झालेलं नाही. फुगतोय तो आपल्याच हातांचा हट्ट. त्यांना हसू फुटलं. मिशा हलल्या, पोट हललं, टॅब्लेट हलला, पोरीचं नाक कानाकडे गेलं, तसे ते आणखीच हसले. पलीकडे पोरीला दिसलं ते गदागदा हसणारं एक मोठं तोंड. तीही खिदळू लागली. मामांनी बोटं सैल केली, पुन्हा आवळली, पुन्हा हसले. पोरगी टाळ्या पिटू लागली.

"बाबा, एवढं काय झालंय?" मुलीने विचारलं.

"काही नाही गं. तुम्ही या फक्त."

"आता ही फोन ठेवू देत नाहीये!"

"अहो, फुटेल तो! डाग पडलाय तेवढा पुरे नाही का?" मामी ओरडत होत्या, पण ऐकतंय कोण?

कॉल संपल्यावर त्या धुसफुसत स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथून हाक आली, "अहोऽऽ! नळ कोणी बंद केला सकाळी?"

मामा गेले. दोन बोटांनी नळ उघडला. मामींची कळशी भरली. मग त्यांनी नळ बंद केला, घट्ट झाला असं वाटलं तिथे थांबले आणि मोठ्या कष्टाने हात काढून घेतला.

नळाच्या टोकाशी एक थेंब जमला, लोंबला आणि पडला. त्याच्यामागे दुसरा.

मामांनी त्या थेंबाकडे असं पाहिलं, जणू भर चौकात कोणी त्यांच्या कानाखाली वाजवली होती. उजवा हात आपोआप वर गेला.

"हात खाली," मामी म्हणाल्या आणि नळाखाली वाटी ठेवली.