तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर

कोल्ड स्टोरेजच्या माल चढवायच्या धक्क्याला ट्रक मागे लावताना ड्रायव्हरला कुणाची हाक ऐकू जात नाही, म्हणून ताईंनी एक दिवस गळ्यात शिट्टी अडकवली, आणि तेव्हापासून त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं. बाकी सगळ्यांच्या तोंडी शिट्टीताई. पेट्या मोजणारी कारकून म्हणून त्या लागल्या होत्या. पुढे धक्क्याचा सगळा कारभार त्यांच्याकडे आला. कुठला ट्रक आधी लागणार, कुठल्या खोलीतली फळं आधी निघणार, जेवायला कोण कधी जाणार, सगळं त्यांच्या एका शिट्टीवर चालायचं. नवे ड्रायव्हर फाटकापाशीच विचारून घ्यायचे, "शिट्टीताई आहेत का आज?" आहेत म्हटलं की शर्टाची बटणं लावूनच खाली उतरायचे.

अशी बाई न्हाणीघराच्या दाराला कडी लावायला घाबरायला लागली, हे कुणाला सांगून खरं वाटलं नसतं.

कोल्ड स्टोरेज थंड ठेवणाऱ्या अमोनिया वायूची गळती झाली, कंपनीला टाळं लागलं आणि ताई घरी बसल्या. बंद दार त्यांना सोसवेना. आंघोळीला जाताना त्या दार नुसतं लोटून घ्यायच्या आणि बाहेर यजमान वर्तमानपत्र उघडून राखण करत बसायचे. लिफ्टचं तर नावच नको. एकदा यजमानांनी केसांना कलप लावला. कलपातल्या अमोनियाचा वास नाकात गेला मात्र, ताई स्वयंपाकघरातून उठल्या त्या थेट अनवाणी रस्त्यावर. कोपऱ्यावरच्या दुकानाशी जाऊन थांबल्या तेव्हा कळलं, हातात झारा तसाच आहे. यजमानांनी कलपाची बाटली कचऱ्यात टाकली आणि त्यांचे केस बघता बघता पांढरे झाले. ते शाळेची व्हॅन चालवायचे. व्हॅनमधली पोरं त्यांना काकांच्या जागी आजोबा म्हणायला लागली. "बढती मिळाली," एवढंच ते म्हणाले.

जाहिरात आणली लेकीने. औषधांच्या एका मोठ्या गोदामाला ऑपरेशन्स सुपरवायझर हवा होता.

"आई, हे तुझंच काम आहे. नुसतं नाव इंग्रजी दिलंय."

ताई नको म्हणणारच होत्या. पण घरी बसून भीती कमी होत नव्हती. उलट तिला ऐसपैस जागा मिळाली होती. "भर," त्या म्हणाल्या.

अर्ज कॉम्प्युटरवर भरायचा होता. दुपारी जेवणं आटोपल्यावर मायलेकी टेबलाशी बसल्या. ताई सांगणार, लेक टाइप करणार. पहिला प्रश्न आजवरच्या अनुभवाचा होता, तो त्यांनी भाजी निवडता निवडता सांगून टाकला. दुसऱ्यात विचारलं होतं की एकाच वेळी खूप माल आणि थोडी माणसं असतील तर दिवसाची आखणी कशी कराल. त्यावर ताई अशा काही खुलल्या, की लेकीला सारखं "हळू, आई, हळू" म्हणावं लागलं. कितीतरी महिन्यांनी घरात तो धक्क्यावरचा आवाज घुमला.

मग लेकीने तिसरा प्रश्न वाचला. "कामावर अचानक संकट आलं असताना तुम्ही घेतलेला एखादा निर्णय सांगा. त्याचा परिणाम काय झाला? आज तुम्ही काय वेगळं कराल?"

ताईंनी हातातली जुडी खाली ठेवली.

"काहीतरी बनवून लिहूया ना," लेक म्हणाली. "असे प्रश्न सगळेच बनवून लिहितात."

"ट्रक पंक्चर झाला होता म्हण," आतून यजमानांनी सुचवलं.

"आणि माझी आधीची कंपनी कुठली, ते वर लिहिलंय त्याचं काय? गळतीची बातमी सगळ्यांनी वाचलीय. समोर बसवून विचारतील. तेव्हा माझी बोबडी वळेल."

त्या दिवशी झालं होतं असं. मशिनच्या खोलीकडून आधी तो वास आला, डोळ्यांत सुया टोचल्यासारखा, आणि मग पांढरा धूर. ताईंनी जीव खाऊन शिट्टी फुंकली. माणसं तोंडावर फडकी धरून बाहेर पळाली. फाटकाबाहेर त्यांनी सगळ्यांवर नजर फिरवली. फोर्कलिफ्टवाले मामा नव्हते. त्यांचा सख्खा भाचा तिथेच मेकॅनिक होता. तो मामा म्हणायचा म्हणून अख्खं कोल्ड स्टोरेज त्यांना मामा म्हणायचं. भाचा आत धावला. ताई त्याच्या आडव्या आल्या. त्याने ढकललं, ओरडला, शिव्या दिल्या, पण त्यांनी त्याच्या शर्टाला घातलेली मूठ सोडली नाही. अग्निशमनवाल्यांनी येऊन मामांना बाहेर काढलं तेव्हा ते जिवंत होते. पण एक डोळा कायमचा गेला आणि छाती अधू झाली.

पेपरात ताईंचं कौतुक आलं. प्रसंगावधान, वगैरे. त्या कौतुकाचीच त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटायची. मामांना भेटायला त्या एकदाही गेल्या नव्हत्या.

"अर्ज असू दे तसाच," त्या लेकीला म्हणाल्या. "आधी मला एका ठिकाणी जायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मामांच्या इमारतीचे जिने चढल्या. प्रत्येक मजल्यावर परत फिरायची इच्छा झाली. बेल वाजवली आणि वाटलं, घरी कुणी नसेल तर किती बरं होईल.

मामींनी दार उघडलं. बघत राहिल्या. "आज वाट सापडली का?"

ताई चपला काढायला वाकल्या. आतून आवाज आला, "कोण आहे गं? येऊ दे आत."

मामा खिडकीशी बसून खुर्चीची बैठक वेताच्या पट्टीने विणत होते. दमा लागल्यासारखा श्वास, पण हात सराईत चालत होते. ताई समोर बसल्या आणि मागे मामींनी दार लावलं. ताई वळून दाराकडे बघत राहिल्या. मामांनी मान वर न करताच ते ओळखलं असावं. "दार उघडं ठेव थोडं," ते बायकोला म्हणाले. "वारा येऊ दे."

ताईंनी अर्जाचं सांगितलं. प्रश्न सांगितला. मग मनात नसताना म्हणा किंवा मनात तेच असल्यामुळे म्हणा, तोंडातून निघून गेलं, "मामा, तुमच्या भाच्याला मी नियम म्हणून अडवलं नाही हो. तो आत गेला असता तर मलाही जावं लागलं असतं. माझे पायच हलत नव्हते. मी घाबरले होते. लोक म्हणतात निर्णय घेतला. मी कसला निर्णय घेतला, माझं मलाच माहीत नाही."

मामांचे हात थांबले.

"मला राग होता," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? दवाखान्यात पडल्या पडल्या तुमच्या नावाने काय काय बोललो, ते हिला विचारा."

"मला नका विचारू," मामी म्हणाल्या. "ते शब्द माझ्याने पुन्हा काढवणार नाहीत."

"भाच्याला आता मुलगी झालीय. तिला मांडीवर घेतलं की राग धरता येत नाही. एरवी धरतो अधूनमधून." श्वास घ्यायला ते थांबले. "आणि घाबरल्याचं मला काय सांगता? मी आत काय शूरासारखा बसलो होतो? ओला रुमाल तोंडाला लावून पेट्यांमागे आईला हाका मारत होतो. या वयात."

ताईंना हसू आलं आणि त्याच्याच मागून रडू. मामी पाणी आणायला उठल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला नव्हता, पण पाणी त्यांनी आणलं.

"आज काय वेगळं कराल, असं विचारलंय ना?" मामा म्हणाले. "गॅसचे मुखवटे कुठे होते?"

"ऑफिसातल्या कपाटात. चोरीला जातात म्हणून कुलपात."

"किल्ली?"

"मॅनेजरच्या खिशात." ताईंचा आवाज खाली गेला. "आणि मॅनेजर कुणाच्या तरी लग्नाला."

"आपण सगळे रोज त्या कपाटावरून जायचो. मीही, तुम्हीही. एकानेही तोंड उघडलं नाही. माझ्या डोळ्याचं लिहा, नका लिहू. किल्लीचं लिहा."

घरी आल्यावर ताईंनी दोन्ही लिहायला लावलं. डोळ्याचं, किल्लीचं, आणि पाय हलत नव्हते हेसुद्धा. लेकीची बोटं थबकली. "आई, घाबरले होते असं कुणी अर्जात लिहितं का? पहिल्याच फटक्यात बाद करतील."

"कर टाइप."

अर्ज गेला. उत्तर येणार नाही म्हणून ताई जरा निर्धास्त होत्या. तर मुलाखतीचा फोन आला आणि पुन्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

गोदामात त्यांच्यासमोर दोघं बसले होते. मॅनेजरबाई, आणि देखभालीचे इंजिनिअर. कामाचे प्रश्न सरळ गेले. तिसऱ्या उत्तराबद्दल दोघांनीही काही विचारलं नाही, आणि त्यामुळे ताई आणखीच धास्तावल्या. मग मॅनेजरबाई म्हणाल्या, "चला, गोदाम दाखवते."

रांगेने लावलेले रॅक, पॅकिंगची लांब टेबलं, आणि शेवटी लशी ठेवायची थंड खोली. "इथे अमोनिया नाही," इंजिनिअर म्हणाले. ताईंनी मान हलवली. तिघं आत गेले. पाठीमागे जाड दार धप्पकन बसलं.

तो आवाज ताईंच्या ओळखीचा होता. डोळ्यांपुढे पांढरं झालं. वास नव्हताच, तरी आला. त्यांनी दार शोधलं, आतली मूठ ढकलली आणि जीव मुठीत धरून बाहेर पळाल्या, त्या थेट बाहेरच्या पायरीवर जाऊन बसल्या. संपलं, त्यांच्या मनात आलं. पर्स मात्र आत टेबलावर राहिली होती, नाहीतर त्या तशाच घरी गेल्या असत्या.

मॅनेजरबाई शेजारी येऊन बसल्या. "अर्जात लिहिलंत ते हेच का?"

"हो."

"रोज होईल असं?"

"माहीत नाही. होईल बहुतेक."

"मग हे काम कसं कराल?"

त्या उठल्या. थंड खोलीच्या दाराशी जाऊन त्यांनी इंजिनिअरना म्हटलं, "मी पुन्हा आत जाते. तुम्ही दार लावा." आत गेल्यावर त्यांनी समोरच्या खोक्यावरचं लेबल मोठ्याने वाचायला घेतलं: औषधाचं नाव, कंपनी, मुदत. आवाज बकरीसारखा थरथरत होता आणि दाराबाहेर तो ऐकू जात होता. ते संपल्यावर त्यांनी दुसरं खोकं वाचलं. मग बाहेर आल्या. या खेपेला चालत.

इंजिनिअरना हे पटलं नव्हतं. "अशा माणसाला थंड खोलीवर ठेवणं म्हणजे जोखीम आहे," ते ताईंच्या देखतच म्हणाले, आणि ताईंना ते काही चूक वाटलं नाही. शेवटी काही महिने बघू, जमलं तर कायम करू, यावर दोघांचं एकमत झालं.

जमलं म्हणायचं, पण सोपं नव्हतं. काही सकाळी ताई थंड खोलीच्या दारापाशी इतका वेळ उभ्या राहायच्या, की पॅकिंगच्या बायका एकमेकींकडे बघायच्या. इंजिनिअर हजेरीच्या वेळी हटकून तिथून चक्कर मारायचे. पहिल्याच महिन्यात ताईंनी आगीचा सराव ठेवला. माणसं गप्पा मारत, चहाचे कप हातात घेऊन रमतगमत बाहेर आली. ताई इतक्या ओरडल्या की आवाज फाटला. नंतर त्या एका कोपऱ्यात जाऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, तेव्हा पॅकिंगमधली एक मुलगी जवळ आली. "ताई, बरं वाटत नाहीये का?"

"घाबरलेय गं. थोडा वेळ उभी राहू दे."

मुलीला वाटलं त्या चेष्टा करतायत. मग तिने त्यांचा चेहरा बघितला, आणि शेजारी उभी राहिली. पुढच्या सरावाला सगळ्यांत आधी ती बाहेर आली होती.

संध्याकाळी यजमान फाटकाबाहेर व्हॅन घेऊन थांबलेले असायचे. पोरांना घरोघर सोडून ते रिकामी व्हॅन घेऊन यायचे.

"कसा गेला दिवस?" एका संध्याकाळी त्यांनी विचारलं.

"घाबरत गेला," ताई म्हणाल्या. "पण गेला." त्यांनी आत बसून व्हॅनचं दार ओढून घेतलं. ते नीट लागलं नाही, म्हणून यजमानांनी खाली उतरून पुन्हा लावलं.