कडीवरचं वजन

माझ्या वडिलांनी बैलगाडी भरताना बैलांच्या मानेवर कधी जास्तीचं ओझं येऊ दिलं नाही. हा त्यांचा सगळ्यात चांगला गुण, आणि गेल्या हिवाळ्यात तोच आमच्या जिवावर उठला.

शेत बटईने कसायला देऊन अण्णा माझ्याकडे शहरात राहायला आले होते आणि टीव्हीसमोर बसून पार आंबले होते. त्यांच्या हाताला काहीतरी काम हवं, म्हणून कारमागे जोडायचा, आत झोपता येईल असा छोटा ट्रेलर आम्ही अंगणातच बांधायला घेतला. चाकांचा एक्सल कुठे बसवायचा यावरून आमचं जोरात वाजलं. मी म्हणत होते, मध्यापासून जरा मागे. म्हणजे थोडं वजन पुढे, ट्रेलर अडकवतात त्या कारच्या कडीवर येतं आणि ट्रेलर सरळ चालतो.

"म्हंजी बैलाच्या मानंवर वझं द्यायचं?"

"बैल नाही अण्णा, कार आहे."

"मग काय झालं? वढायचं तर तिलाच हाय ना!"

एक्सल मी सांगितला तिथेच बसला. अण्णा फुगून बसले.

ट्रेलर पहिल्यांदा रस्त्यावर काढला त्या दिवशी म्हणाले, "मी आत बसतो, काय खडखडतंय ते ऐकतो." मी नको म्हणेपर्यंत यांनी आतून दार लावलंसुद्धा. माझ्याशी फोन तेवढा चालू ठेवला. त्यांना बाहेर काढायचं म्हणजे गल्लीभर तमाशा. हळू चालवायचं ठरवून मी निघाले.

लासूर स्टेशनच्या रस्त्याला एक लांब उतार लागला. एक ट्रक जोरात बाजूने निघून गेला आणि ट्रेलर डोलला. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मग थांबेचना. स्टिअरिंग हातात होतं, गाडी हातात नव्हती. आरशात ट्रेलर कधी या बाजूला दिसे, कधी त्या. त्या पत्र्याच्या खोक्यात माझा बाप होता.

"बिरेक दाब! बिरेक!" अण्णा फोनमधून ओरडले.

ब्रेक दाबला असता तर ट्रेलर आडवाच झाला असता. मी फक्त अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला. "अण्णा, कुठे बसलात?"

"मागं, पार टोकाला. पाण्याचे क्यान बी मागं घेतलेत. तुझ्या गाडीला हलकं जावं म्हून."

म्हणजे कडीवर हवं होतं ते वजन यांनी सगळं मागे नेलं होतं. "पुढे या! रांगत या, पुढच्या पत्र्याला चिकटा!"

भांडी पडल्याचा आवाज आला, एक शिवी आली, मग नुसत्या धापा. ते पुढे सरकले तसे मागचे हिसके कमी होत गेले. मी गाडी कशीबशी कडेला घेतली.

दार उघडलं तर ते पुढच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेले, कोपर सोललेलं. मी तोंड सोडलं. म्हातारपणी अक्कल कुठे गेली, गेला असतात तर मी लोकांना काय सांगायचं होतं, जे तोंडाला येईल ते. अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला बी घिऊन गेलो असतो की गं माय."

त्यात मीही मेले असते, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तिथेच दाराला टेकून रडायला लागले.