दोन रिंगा

सकाळी मळ्यात होतो. सायखेड्याचा फोनबूथवाला सायकल टाकून धावत आला आणि म्हणाला, "दादा, नाशिकचा फोन होता. नाना गेले." मी त्याला म्हटलं, नीट ऐक जा परत. आदल्या दिवशी दुपारी मी नानांच्या समोर बसून चहा प्यालो होतो...

मी चौथी शिकलेला माणूस. लिहिणं माझं काम नाही. पण नानांवर दुसऱ्या कोणी लिहिलेलं मला चालणार नाही, म्हणून बसलो. वसंतराव म्हणजे नाना. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या ट्रान्सपोर्ट कंपनीचे मॅनेजर होते आणि मी तिथे ड्रायव्हर. सगळे त्यांना साहेब म्हणायचे, मी कधी म्हटलं नाही. वयाने माझ्यापेक्षा लहान माणूस, नाना म्हटलं तेच खूप झालं. तेही मला निवृत्तीदादा म्हणायचे.

पिंपळगावहून द्राक्षं भरून आम्ही दिल्लीला निघायचो. नानांचा एकच नियम. बिजासन घाट ओलांडून मध्य प्रदेशात सेंधव्याला पोचलात की ऑफिसला फोन लावा, दोन रिंगा द्या, ठेवून द्या. तिकडून उचलायचं नाही. उचलला नाही म्हणजे पैसे पडत नाहीत आणि निरोप पोचतो. मी विचारलं, "रिंग कोणाची ते कळणार कसं?" म्हणाले, "ज्याची वेळ झाली त्याची." आणि रिंग येईपर्यंत हा माणूस डबा उघडायचा नाही. घरीही तेच. लेक कळवणला सासरी निघाली की फोनशेजारी बसून राहायचे. सुमनवहिनी वैतागायच्या, "तुमच्या रिंगांपायी या घरात कधी ऊन भाकरी खाल्ली नाय कोणी." पण लेकीची रिंग वाजली की आधी ताटं त्याच घ्यायच्या.

एकदा घाटातच माझ्या गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. आसपास फोन नाही. दुसऱ्या दिवशी मी गाडीखाली पडलेलो, तर शेजारी जीप थांबली आणि मला नानांचे बूट दिसले. मला राग आला. म्हटलं, "मी काय कुकुलं बाळ हाय का, एवढ्या लांब बघायला यायला?" ते म्हणाले, "तुझ्यासाठी नाही आलो. माझं जेवण राहिलंय." जीपच्या बॉनेटवर डबा उघडला आणि अर्धी भाकरी माझ्या ऑइलच्या हातात दिली. भाजीला वास येत होता. दोघांनी खाल्ली.

पुढे दोघंही रिटायर झालो. मी सायखेड्याला, ते नाशिकलाच इंदिरानगरला. पोराने मोबाइल आणून दिला तो मी परत केला. आठवड्यातून एकदा एसटीने नानांकडे जायचो आणि गावी उतरलो की बूथवरून दोन रिंगा.

त्या शेवटच्या दिवशी वहिनी लेकीच्या बाळंतपणाला कळवणला होत्या. शेजारच्या घरून आलेला डबा फोनपाशी ठेवलेला. मी म्हटलं, "खाऊन घ्या, गार होईल." नाना म्हणाले, "तू पोच आधी." दिवेलागणीला उतरलो, रिंगा दिल्या. कोणी उचलला नाही. म्हणजे ऐकलं. घरी जाऊन पोटभर जेवलो, झोपलो...

डॉक्टर म्हणाले, संध्याकाळीच गेले असावेत. उचलायची रीत असती तर मला तिथेच कळलं असतं. परत फिरलो असतो, शेजाऱ्यांना उठवलं असतं. वहिनींनी विचारलं, "भाऊजी, फोन केला होता ना तुम्ही?" केला होता म्हटलं. "मग ऐकला असेल त्यांनी." मी हो म्हटलं. पण नानांना खुर्चीतून उचलताना फोनपाशी मीच उभा होतो. डबा मी हातात घेऊन बघितला. भरलेला होता. आयुष्यभर माझ्या रिंगेसाठी उपाशी बसलेला माणूस त्या दिवशी उपाशीच गेला.

वहिनी आता लेकीकडेच असतात. घराला कुलूप आहे, फोन अजून चालू आहे. बाजाराला म्हणून नाशिकला जातो, परत येतो, बूथवर थांबतो. दोन रिंगा होतात. मी ठेवत नाही. तिसरी होते, चौथी होते, त्या बंद खोलीत वाजत राहते...

बूथवाला म्हणतो, "दादा, ठेवा आता. कोणी उचलत नाही."

त्याला काय सांगू. नाना होते तेव्हाही असंच वाजायचं.